नाणी वाचणारा डॉक्टर : गर्सन दा कुन्हा

आमच्या कळंब्याच्या घरी, देवघरातल्या ताम्हनात, एक जाडजूड चांदीचे नाणे होते. आजी त्याला लक्ष्मी म्हणे. रोज त्याला हळदकुंकू वाहिले जाई आणि दिवाळीच्या आधी चिंचेने घासून ते लख्ख केले जाई. वास्तविक त्यावर लक्ष्मी नव्हतीच. एका बाजूला पानांचा मुकुट घातलेला, लांब नाकाचा एक परदेशी पुरुष होता, आणि दुसऱ्या बाजूला किल्ले व सिंह कोरलेली ढाल, तिच्या दोहों अंगांना दोन खांब. आजीच्या माहेरची माणसे मालवणकडची. तिकडून तिच्या आजीबरोबर हे नाणे घाट चढून आले, एवढाच त्याचा घरात माहीत असलेला इतिहास.

धाकट्या बहिणीचे लग्न ठरले तेव्हा घरातली जुनी चांदी बाहेर निघाली. फुटके निरांजन, झिजलेली जोडवी, एक वाकलेली अत्तरदाणी, आणि त्यांच्यासोबत आजीची लक्ष्मीही. गुजरीतल्या सराफाने नाणे काट्यावर टाकले. २६ ग्रॅम ६०० मिली, म्हणजे जुन्या हिशेबाने सव्वादोन तोळे. घट वजा करून त्याने भाव सांगितला आणि सगळी चांदी हुपरीला देऊन पैंजण करून घ्यावेत असा सल्लाही दिला. त्याचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. काट्याला वजन कळते, अक्षरे कळत नाहीत. मी वडिलांकडे चार दिवसांची मुदत मागितली आणि नाणे रुमालात बांधून महाविद्यालयात आमच्या इतिहासाच्या सरांकडे नेले. सरांनी ते भिंगाखाली पाहिले आणि कपाटातून एका जुन्या इंग्रजी ग्रंथाचे पुनर्मुद्रण काढून माझ्या हाती ठेवले. लेखकाचे नाव होते डॉ. जे. गर्सन दा कुन्हा. हे नाव तोवर मी ऐकलेले नव्हते, आणि आपल्या महाविद्यालयातील पुष्कळांनी ते ऐकले नसेल अशी मला शंका आहे. म्हणून हा लेख.

पण डॉक्टरांकडे वळण्यापूर्वी ते नाणे म्हणजे काय होते हे सांगितले पाहिजे, कारण त्यावाचून या माणसाच्या छंदाचे मोल ध्यानात यायचे नाही.

आमचे नाणे स्पेनच्या तिसऱ्या कार्लोस राजाचे, १७८५ सालचे, आणि पाडलेले मेक्सिकोच्या टांकसाळीत. त्याची किंमत आठ रेयाल. कडेच्या लेखात टांकसाळीची खूण आहे आणि चांदीचा कस तपासणाऱ्या अधिकाऱ्यांची आद्याक्षरेही आहेत. कसात खोट निघाली तर जबाबदार कोण हे नाण्यावरच लिहिलेले असे. दोन खांब म्हणजे जुन्या युरोपीय कल्पनेप्रमाणे जगाच्या टोकावरचे हर्क्युलिसचे खांब. त्यांच्या पलीकडेही जग आहे अशा अर्थाचे लॅटिन शब्द त्यांना गुंडाळलेल्या फितीवर असतात. १५४५ मध्ये आजच्या बोलिव्हियातील पोतोसी येथे चांदीचा डोंगर सापडला. तेथील मूळ रहिवाशांना सक्तीने खाणींत उतरवून जी चांदी निघाली तिने पुढची अडीचशे वर्षे जगाचा व्यापार चालवला. मेक्सिकोच्या खाणी व टांकसाळ यांनीही त्यात मोठी भर घातली. आरंभीची नाणी हातोड्याने ठोकलेली, वेडीवाकडी, जणू कापलेले तुकडे. १७३२ पासून मेक्सिकोत यंत्रावरची गोल, सुबक नाणी निघू लागली आणि १७७२ पासून त्यांवर राजाचा मुखवटा आला. त्याच वर्षी राजाने नाण्यातील चांदीचा कस गुपचूप थोडा उतरवला. मुखवटा आला आणि चांदी गेली, हा योगायोग मला मोठा बोलका वाटतो.

ही नाणी आपल्याकडे आली ती मिरी, कापड आणि नीळ यांच्या मोबदल्यात. युरोपातला माल इकडे कोणाला फारसा नको असे. चांदी मात्र सर्वांना हवी असे. एक वाट लिस्बनहून आफ्रिकेला वळसा घालून गोव्याला येई. दुसरी वाट मेक्सिकोतील आकापुल्कोहून मनिलाला आणि तेथून चीनला जाई. १५६५ पासून १८१५ पर्यंत ती चालली. १५८० ते १६४० ही साठ वर्षे स्पेन व पोर्तुगाल यांचा राजा एकच होता, तेव्हा तर स्पॅनिश रेयालांना गोव्यात ऊत आला. पोर्तुगीज त्यांना पाताकांव म्हणत. १५८३ मध्ये गोव्यात आलेल्या लिन्स्कोटेन या डच माणसाने तिथल्या नाक्यानाक्यावर बसलेल्या सराफांचे वर्णन करून ठेवले आहे. चीनकडे गलबते निघण्याचा हंगाम आला की या नाण्यांचा भाव कसा चढे, तेही त्याने नोंदले आहे. १६०० च्या सुमारास इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या पहिल्या सफरीसाठी राणीच्या नावाने त्याच वजनाची नाणी पाडून पाहिली. पूर्वेकडच्या व्यापाऱ्यांनी ती घेईनात. त्यांना ओळखीचे खांब आणि ओळखीची ढाल हवी होती. सुरतेला आलेले रेयाल मोगल टांकसाळीत वितळून त्यांचे रुपये होत. एका नाण्याला दोन रुपयांहून थोडे अधिक मिळत. म्हणजे इथे आलेली बहुतेक नाणी मुशीत गेली. एखादे वाचलेच तर ते कोणाच्या तरी गळ्यात किंवा देवघरात वाचले. मालवण बंदर १८१२ च्या तहापर्यंत आपल्या करवीर राज्याकडे होते आणि वेंगुर्ल्याला डचांची वखार होती, हे आठवले म्हणजे असे नाणे बैलाच्या पाठीवरच्या गोणीतून फोंडा घाट चढून येण्यात नवल वाटत नाही.

आता डॉक्टर.

जुझे गर्सन दा कुन्हा यांचा जन्म १८४४ मध्ये गोव्यातील बारदेश तालुक्यातल्या हडफडे गावी झाला. घराणे ख्रिस्ती, पण मूळ सारस्वत ब्राह्मणांचे. आणि हा धागा त्यांनी कधी लपवला नाही की तोडला नाही. घरात कोकणी, शिक्षणात पोर्तुगीज, आणि पुढे मुंबईत इंग्रजी. गोव्यातल्या हुशार मुलांपुढे तेव्हा वाटा थोड्या होत्या. त्यातली मुंबईची वाट त्यांनी धरली, पुढे विलायतेला जाऊन इंग्लंड व एडिंबरा येथील वैद्यकीय पात्रता मिळवली आणि मुंबईला परतून दवाखाना थाटला. १८७१-७२ मध्ये मुंबईत डेंग्यू तापाची साथ आली तेव्हा रोगी तपासता तपासता त्यांनी टिपणे केली आणि १८७२ मध्ये त्या तापाचा इतिहास, लक्षणे व उपचार यांवर पुस्तक छापले. लक्षणांच्या आधी इतिहास! पुढच्या सगळ्या आयुष्याची दिशा या एका गोष्टीत दिसते.

त्या काळच्या मुंबईत डॉक्टर आणि नाणी यांचे नाते नवे नव्हते. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले डॉ. भाऊ दाजी लाड, तेही मूळचे गोव्याकडचेच, शिलालेख आणि नाणी यांसाठी देशभर फिरले. त्यांचे सहकारी पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी कॉलेजचे तोंडही न पाहता त्या विद्येत अशी गती मिळवली की त्यांचा नाणेसंग्रह त्यांच्या इच्छेप्रमाणे ब्रिटिश म्युझियमकडे गेला. भाऊ दाजी १८७४ मध्ये वारले. त्यांनी जी परंपरा घातली तिच्यातच गर्सन दा कुन्हा हे एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेत वाढले. टाऊन हॉलच्या त्या पायऱ्या आजही आहेत. आपल्या सहलीत आपण त्यांवर बसून फोटो काढतो.

भाऊ दाजी आणि भगवानलाल यांची दृष्टी क्षत्रप, सातवाहन, गुप्त अशा प्राचीन राजांवर होती. दोन हजार वर्षांपूर्वीच्या नाण्यामागे लागणाऱ्याला विद्वान म्हणत. तीनशे वर्षांपूर्वीच्या नाण्यामागे लागणाऱ्याला हौशी म्हणत असावेत. गर्सन दा कुन्हांनी हे दुसरे काम पत्करले. ज्यांत कोणाला प्राचीनत्वाचे वैभव दिसत नव्हते अशी गोवा, दीव, दमण, वसई आणि चौलची पोर्तुगीज नाणी त्यांनी जमवायला घेतली. क्रूस असलेली, संत सेबास्तियन आणि संत थॉमस यांच्या आकृती असलेली, राजांची अर्धवट उमटलेली नावे असलेली. आणि अगदी खालच्या दर्जाचे, बाजारात भाजी घेताना चालणारे बाझारूकही. मला त्यांच्या संग्रहातले हे बाझारूक फार मोलाचे वाटतात. सोन्याचे नाणे कोणीही सांभाळतो. तांब्याजस्ताचा झिजलेला तुकडा सांभाळायला वेगळे मन लागते.

या संग्रहातून १८८० पासून त्यांचा इंडो-पोर्तुगीज नाणकशास्त्रावरचा ग्रंथ आकाराला आला. आरंभी तो सोसायटीपुढे निबंधरूपाने मांडला गेला. ग्रंथ सुरू होतो तो १५१० पासून. आल्बुकेर्कने गोवा घेतले आणि लगेच शहरात चलनाचा प्रश्न उभा राहिला. नाणे पाडणे हा राजाचा हक्क, आणि राजा लिस्बनला; पत्र पाठवून उत्तर यायला वर्ष-दीड वर्ष. व्यापाऱ्यांना तर उद्याच्या व्यवहाराची चिंता. शेवटी आल्बुकेर्कने आपल्या जबाबदारीवर सोने, चांदी व तांबे यांची नाणी पाडली आणि हत्तीवरून मिरवणूक काढून, वाद्ये वाजवीत, ती रस्त्यांत उधळली. नवे राज्य आले हे लोकांना तोफेने कळले असेलच. पण ते मुठीत आले ते या नाण्यांनी.

तिथून पुढे दा कुन्हा एकेक कारकीर्द घेतात. त्यांची पद्धत साधी आणि कष्टाची होती. पोर्तुगीज बखरकारांनी व सरकारी हुकुमांनी काय सांगितले ते एका बाजूला ठेवायचे, हातातले प्रत्यक्ष नाणे दुसऱ्या बाजूला ठेवायचे, आणि वजन, धातू, छाप, अक्षरे यांचा मेळ बसतो का ते पाहायचे. हुकूम एक सांगतो आणि नाणे दुसरेच, असे जिथे होते तिथे खरी गंमत आहे. कसाची चांदी आणि कागदावरची चांदी यांत फरक पडला की राज्याच्या तिजोरीत काय चालले आहे ते उघड होते. रोग्याने सांगितलेली हकीकत आणि नाडी यांचा मेळ घालणाऱ्या वैद्याला ही पद्धत शिकवावी लागली नसेल. पोर्तुगालमध्ये तेशैरा द आरागांव या विद्वानाचा पोर्तुगीज नाण्यांवरचा मोठा ग्रंथ त्याच सुमारास पुरा होत होता. फरक इतकाच की दा कुन्हा जिथे ती नाणी चालली त्या किनाऱ्यावर बसून लिहीत होते.

आणि वेळ मोठी अटीतटीची होती. १८७८ मध्ये इंग्रज व पोर्तुगीज सरकारांत तह झाला. त्यानुसार गोव्याचे चलन ब्रिटिश हिंदुस्थानच्या चलनाशी जुळवण्यात आले आणि १८८१ पासून पोर्तुगालच्या लुईश राजाचा मुखवटा असलेले रुपये चक्क कलकत्त्याच्या टांकसाळीतून पाडून गोव्यात येऊ लागले. ज्या गोव्याने १५१० मध्ये स्वतःचे नाणे हत्तीवरून मिरवले त्याच गोव्याचे नाणे आता परक्याच्या टांकसाळीत तयार होऊ लागले. जुन्या नाण्यांचे काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको. मूस तयार होती. दा कुन्हांनी ग्रंथ लिहिला तो नेमका याच दोन-तीन वर्षांत. त्यांच्या वर्णनांतली एवढी घाई आणि एवढा काटेकोरपणा एकत्र का नांदतो, हे तहाचे साल वाचल्यावर माझ्या ध्यानात आले. १८८० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी आपल्या नाण्यांची यादीही मुंबईत छापली. आमचा कळंबा तलाव कोल्हापूरला पाणी देण्यासाठी बांधला गेला तोही साधारण याच दशकात. तलाव रोज दिसतो म्हणून तो काळ मला फार दूरचा वाटत नाही.

नाण्यांखेरीज त्यांनी जे केले त्याची यादी मोठी आहे. मी धावतीच देतो. १८७५ मध्ये सिंहलद्वीपातील बुद्धाच्या दंतधातूचा इतिहास लिहिला. तो दात म्हणून पोर्तुगीजांनी जे हस्तगत केले होते ते सोळाव्या शतकात गोव्यात जाहीरपणे नष्ट करण्यात आले, ही हकीकत एका गोवेकर ख्रिस्ती लेखकाने सांगावी हे विशेष. १८७६ मध्ये चौल व वसई यांच्या इतिहासावर व अवशेषांवर पुस्तक आले. १८८१ मध्ये कोकणी भाषा व वाङ्मय यांवर पुस्तिका. पोर्तुगीजांतील प्राच्यविद्येच्या अभ्यासावरचा त्यांचा निबंध फ्लॉरेन्सच्या प्राच्यविद्या परिषदेच्या वृत्तान्तात छापला गेला. आंजेलो द गुबेर्नातिस हे इटालियन पंडित १८८५-८६ मध्ये हिंदुस्थानात आले तेव्हा मुंबईत त्यांचे मोठे साहाय्यक दा कुन्हाच होते, आणि त्यानंतर फ्लॉरेन्समध्ये जे हिंदुस्थानविषयक संग्रहालय उभे राहिले त्यालाही त्यांचा हातभार लागला.

एका ग्रंथापाशी मात्र थांबले पाहिजे. १८७७ मध्ये त्यांनी स्कंदपुराणातील सह्याद्रिखंडाची संस्कृत आवृत्ती हस्तलिखिते जुळवून प्रसिद्ध केली. आपल्या किनाऱ्यावरच्या ब्राह्मण जातींच्या उत्पत्तीच्या कथा त्यात आहेत, आणि त्यांतल्या काही त्या त्या जातींना मुळीच रुचणाऱ्या नाहीत. हा ग्रंथ छापणे म्हणजे मोहोळात हात घालणे होते. ख्रिस्ती माणसाने पुराण संपादावे याचे एका बाजूला आश्चर्य. ज्यांच्या पूर्वजांनी काही शतकांमागे धर्म बदलला त्यांच्या वंशजाने आपल्या मुळाचा शोध संस्कृत पोथीत घ्यावा हे दुसऱ्या बाजूला. मला वाटते, पोथी आणि नाणे ही दोन्ही त्यांना एकाच कामासाठी हवी होती. आपण कोण, हा किनारा कोणाचा, हे ते विचारत होते. कोणाच्या तरी सांगण्यावर न विसंबता कागद आणि धातू यांच्याकडून उत्तर मागत होते.

त्यांच्या लेखनात मला एक उणीव जाणवते. ती न सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. त्यांची साधने मुख्यतः पोर्तुगीज. त्यामुळे नाणे टांकसाळीतून बाहेर पडेपर्यंत ते त्याची साथ करतात, पण घाट चढून ते आत आले की त्यांचा हात सुटतो. इकडच्या बाजारात ते कोणत्या भावाने चालले, सराफाने त्यावर कुठे टाका मारला, कोणाच्या वतनाच्या हिशेबात ते शिरले, हे त्यांच्या ग्रंथात शोधून सापडत नाही. आपल्या करवीर राज्यातच १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात टोपीकर सावकारांचा जो विचार केला आहे तो पाहिला की घाटावरची माणसे या परदेशी पैशाकडे किती सावध नजरेने पाहत होती ते कळते. आमच्या बायकांच्या गळ्यातल्या पुतळ्यांच्या माळेतही व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्याचा वंश आहे. दर्याच्या बाजूची हकीकत दा कुन्हांनी लिहिली. घाटावरची बाजू आपल्यापैकी कोणीतरी लिहायची राहिली आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी प्रबंधाला विषय मिळत नाहीत अशी तक्रार निदान माझ्यापाशी करू नये.

१९०० मध्ये मुंबईच्या उत्पत्तीवरचा त्यांचा मोठा ग्रंथ सोसायटीच्या नियतकालिकाचा खास अंक म्हणून प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षी ते निवर्तले. वय अवघे छप्पन. शहर तेव्हा प्लेगने पोखरलेले होते. मुंबईचा इतिहास लिहिणाऱ्याला पुढेही या ग्रंथाशिवाय पाऊल टाकता आले नाही. महाराष्ट्रात मात्र त्यांचे नाव मागे पडले. इंग्रजीत लिहिले म्हणून मराठी वाचकाला ते परके, मुंबईत राहिले म्हणून गोव्याला दूरचे, आणि पोर्तुगीजांविषयी लिहिले म्हणून पुढच्या राष्ट्रीय वृत्तीच्या पिढीला नकोसे, असे काहीसे झाले असावे. अलीकडे फ्लॉरेन्स आणि मुंबई यांच्यामधील विद्वानांच्या देवघेवीवर एका पोर्तुगीज इतिहासकार बाईंनी संशोधन केले तेव्हा त्यात दा कुन्हा पुन्हा ठळकपणे पुढे आले.

हे सारे वाचण्यात माझे चार दिवस संपले. घरी मी नाणे ठेवून घेण्याविषयी बोललो. आजीने सगळे ऐकून घेतले आणि विचारले की तो राजा आपला कोण लागतो. लक्ष्मी नातीच्या पायांत गेली तर काय बिघडले, असे तिचे म्हणणे पडले. लग्नाचा खर्च वडील कसा जुळवत होते ते मला दिसत होते. चांदीचा भावही चढलेला. मी पुढे बोललो नाही. नाणे इतर चांदीबरोबर हुपरीला गेले.

त्याआधी रात्री मी पातळ कागद त्याच्या दोन्ही बाजूंवर ठेवून पेन्सिल घासली. छाप बरा उमटला. राजाचे नाक झिजल्यामुळे तेवढे पुसट आले, खांब मात्र स्वच्छ आले. कडेला एका जागी सराफाने कधीकाळी मारलेला छोटा टाका होता, तोही उठला. दा कुन्हांच्या यादीत असतात त्या क्रमाने मी खाली नोंद केली : चांदी, आठ रेयाल, तिसरा कार्लोस, मेक्सिको, १७८५, वजन २६ ग्रॅम ६०० मिली, व्यास सुमारे चार सेंटिमीटर, कडेला एक टाका, हळदीकुंकवाने व चिंचेने घासल्याने झीज, मालवणकडून आलेले, कळंबा, जिल्हा कोल्हापूर, येथील देवघरात पाहिले. तो कागद मी आमच्या सरांकडे दिला आहे. बहीण परवा माहेरपणाला आली होती, पायांत पैंजण होते.